तिसऱ्या गावचे पंच

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की महामार्गावर कापूरहोळ मागं पडतं आणि किकवी येतं. थोडं पुढं सारोळ्याचा नीरेवरचा पूल, आणि पुलापलीकडं सातारा जिल्हा. रब्बीची काढणी उरकली की या पट्ट्यातल्या मोकळ्या रानात ढेकळं फोडून, पाणी मारून खेळपट्टी तयार होते आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. अशाच एका स्पर्धेत मी गुण लिहायला बसलो होतो. सामना आमच्या हातून गेला. वही मिटण्याआधी मी अवांतर धावांची बेरीज केली. समोरच्या संघाला १४ वाईड मिळाले होते, आम्हाला ५.

वही हातोहात फिरली. पंच यजमान गावचे होते आणि समोरचा संघही त्याच गावचा. पुढं कुणाला काही सांगावं लागलं नाही. १४ आणि ५ हे आकडेच पुरावा ठरले. मलाही त्या संध्याकाळी तसंच वाटलं होतं.

पण घरी आल्यावर तो आकडा डोक्यातून जाईना. तो नेमका कशाचा पुरावा होता? पंच झुकल्याचा, की आमच्या गोलंदाजांच्या हाताचा? हा प्रश्न किकवीच्या रानातून निघून लाहोर, मेलबर्न आणि इंग्लंडपर्यंत पोचतो हे मला नंतर कळलं, आणि वाटेत जे सापडलं त्यानं मी थक्क झालो.

पहिली गोष्ट घरातल्या रुपयाच्या नाण्यानं करून बघता येते. नाण्याला गाव नसतं, भावकी नसते. ते १९ वेळा उडवा आणि छापा-काटा मोजा. १९ मध्ये १४ विरुद्ध ५, किंवा त्याहूनही एकतर्फी निकाल, शंभरातून साधारण सहा वेळा येतो. आपल्याकडं १६ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा असते, म्हणजे १५ सामने. दोन्ही बाजू अगदी सारख्या, पंच डोळ्यांवर पट्टी बांधलेले, आणि प्रत्येक सामन्यात १९ वाईड असं धरलं, तरी त्या १५ सामन्यांत असा एकतर्फी आकडा एकदा तरी दिसण्याची शक्यता न दिसण्यापेक्षा जास्त आहे. ज्या संघाच्या वाट्याला तो सामना येतो, त्याला मात्र उरलेले १४ सामने दिसत नाहीत. आम्हालाही दिसले नव्हते.

शिवाय दोन संघ कधीच नाण्याच्या दोन बाजूंसारखे सारखे नसतात. आमचा डावखुरा गोलंदाज क्रीजच्या कडेवरून, फलंदाजाच्या पोहोचीच्या टोकाला यॉर्कर टाकायचा. तोच त्याचा मोठा मारा होता. तो चेंडू साधला की फलंदाज जागच्या जागी खिळायचा, आणि वीतभर चुकला की वाईड. समोरचे गोलंदाज सरळ, यष्टींवर, हळू टाकत होते. त्यांच्या चेंडूला वाईड होण्याची संधीच कमी होती. म्हणजे १४ विरुद्ध ५ हा आकडा वाचण्याआधी आणखी एक आकडा हवा होता: वाईडच्या रेषेजवळून किती चेंडू गेले? तो आमच्या वहीत नव्हता. तो कुणाच्याच वहीत नसतो.

मला वाटतं, साऱ्या वादाचं मूळ इथंच आहे. आपण दिलेले निर्णय मोजतो. निर्णय मागणारे प्रसंग मोजत नाही.

खो-खोमध्ये हे फार सुंदर दिसतं. या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर पहिल्यांदा नीट बांधले गेले. बसलेल्या आठ जणांमधून नववा पाठलाग करतो. त्यानं मधली पाटी ओलांडायची नाही, घेतलेली दिशा सोडून मागं वळायचं नाही, खो देताना स्पर्श आणि आवाज यांचा घोळ करायचा नाही. बसलेल्यानं खो मिळण्याआधी उठायचं नाही. नियमभंग झाला की पंचाची शिटी वाजते, पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेनं जावं लागतं आणि पळणाऱ्याला श्वास मिळतो. जवळजवळ सगळे नियमभंग पाठलाग करणाऱ्यांचेच असतात, कारण जवळजवळ सगळी बंधनं त्यांच्यावरच आहेत. त्यात जो संघ झपाझप, अंतर न देता खो देतो, तो पावलाच्या आणि आवाजाच्या अगदी कडेवर खेळतो. त्याचे नियमभंग जास्तच होणार. सावकाश, जपून खेळणाऱ्या संघाची पाटी स्वच्छ राहील आणि गडीही कमी बाद होतील. नियमभंगांचा आकडा तेव्हा पंचाचा कल सांगत नाही, संघाचा जीव किती पणाला लागलाय ते सांगतो.

मॅटवरच्या कुस्तीतही तेच. नुसता बचाव करत मागं सरकणाऱ्या मल्लाला पंच आधी ताकीद देतात, आणि तरीही तो पुढं आला नाही तर ३० सेकंदांची मुदत देतात. तेवढ्यात गुण झाला नाही, तर समोरच्याच्या खात्यात एक गुण जातो. बचावावर कुस्ती काढणाऱ्याच्या नावावर ताकिदी साचत जातात. त्या त्याच्या कुस्तीतच असतात.

ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूचा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, एका बाजूला १८ खेळाडू. तिथं हा वाद जवळजवळ दर आठवड्याला पेटतो. सामना संपला की धावफलकाबरोबर दोन्ही संघांना मिळालेल्या फ्री किकही छापल्या जातात, आणि प्रेक्षक आधी त्याच बघतात. २०१६ च्या अंतिम सामन्यात मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्जना २० फ्री किक मिळाल्या आणि सिडनीला ८. बुलडॉग्ज जिंकले. १९५४ नंतरचं हे त्यांचं पहिलं विजेतेपद, त्यामुळं सारं शहर आनंदात बुडालं. सिडनीचे पाठीराखे मात्र २०-८ हा आकडा अजून विसरलेले नाहीत.

त्या खेळात खाली वाकून जो चेंडूवर आधी पोचतो, त्याच्यावर दुसरा धडकतो. पकड खांद्याच्या वर गेली की फ्री किक, पाठीत धक्का बसला की फ्री किक. म्हणजे चेंडूवर आधी पोचणं हेच फ्री किक मिळवण्याचं कौशल्य आहे, आणि बुलडॉग्जचा खेळ तसाच होता: चेंडूवर घोळक्यानं तुटून पडायचं आणि हाताच्या ठोशानं तो झटपट पुढं सरकवायचा. नाण्याचा हिशोबही लावून बघितला. २८ मध्ये २०-८ किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरातून साडेतीन वेळा येतो. ऐकायला दुर्मीळ वाटतो. पण त्या वर्षी त्या स्पर्धेत एकूण २०७ सामने झाले. प्रत्येकात तेवढ्याच फ्री किक धरल्या, तरी निव्वळ योगायोगानं असे सातएक सामने निघतात. त्यातला एक अंतिम सामन्याच्या दिवशी आला, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

इथवर येऊन कुणी म्हणेल, मग पंच नेहमीच निर्दोष आणि पक्षपात नुसता हरलेल्यांच्या मनात. तसं नाही. उलट इथून पुढची हकीकत मला सगळ्यात विलक्षण वाटते.

आपल्याकडं टेनिस चेंडूच्या सामन्यात नाणेफेकीलाच सांगतात: पायचीत नाही. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय, पण त्यामागं केवढी समज आहे हे उशिरा उमगलं. गल्लीत पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असतो. त्रिफळा उडाला तर यष्टी पडलेली सगळ्यांना दिसते. झेल हातात दिसतो. पण पायचीताचा निर्णय म्हणजे जे घडलंच नाही त्याचा निकाल! चेंडूचा टप्पा कुठं पडला, तो पायाला कुठं लागला, हे तरी निदान घडलेलं असतं. पाय मधे नसता तर चेंडू यष्टींवर गेला असता का, हे मात्र कधी घडलेलंच नसतं. २० मीटर लांब उभ्या असलेल्या माणसानं ते अर्ध्या सेकंदात मनातल्या मनात घडवायचं आणि बोट वर करायचं. जिथं डोळा संपतो आणि मन सुरू होतं, तिथं मनाचा कलही शिरतो. गल्लीतल्या पोरांनी तो दरवाजाच बंद केला.

कसोटी क्रिकेटला तो बंद करता आला नाही. तिथं कित्येक दशकं यजमान देशाचेच पंच उभे राहायचे, आणि पाहुणे संघ पायचीतांची यादी घेऊन घरी परतायचे. पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेलेले संघ तर फारच चिडायचे. इम्रान खानला याचा वीट आला होता, कारण त्याचा संघ जिंकला तरी श्रेय पंचांना दिलं जायचं. १९८६ मध्ये वेस्ट इंडीज पाकिस्तानात आले, तेव्हा त्याच्या आग्रहानं भारतातून दोन पंच बोलावले गेले. एक हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. चौकाराची खूण ज्या ढंगात ते द्यायचे, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना ते आठवत असतील. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यात ते गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. आधुनिक क्रिकेटमध्ये दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे असण्याची ती पहिली वेळ. भारताचे पंच, पाकिस्तानच्या भूमीवर, पाकिस्तानच्याच कप्तानाच्या बोलावण्यावरून! मराठी मुलुखातला एक माणूस त्या प्रसंगात उभा होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता आकडे बघा. त्या मालिकेतली पहिली कसोटी फैसलाबादला झाली, पंच पाकिस्तानचे. वेस्ट इंडीजचा दुसरा डाव ५३ धावांत संपला आणि पाकिस्तान जिंकलं. दुसरी कसोटी लाहोरला, पंच रामस्वामी आणि रिपोर्टर. पाकिस्तानचे डाव १३१ आणि ७७ धावांत संपले आणि वेस्ट इंडीज एका डावानं जिंकलं. यजमान पंच होते तेव्हा पाहुणे ५३, तटस्थ पंच आले तेव्हा यजमान ७७. कुणालाही वाटेल, झालं, सापडला चोर.

पण तसं म्हणता येत नाही. फैसलाबादला अब्दुल कादिरनं १६ धावांत ६ बळी घेतले होते. तो लेगस्पिनर होता, त्याची गुगली भल्याभल्यांना वाचता येत नव्हती. लाहोरला समोर माल्कम मार्शल होता. दोन सामने म्हणजे नाणं दोनदा उडवणं. त्यावरून नाणं खोटं आहे की खरं हे कळत नाही. शैली, खेळपट्टी, नशीब आणि पंच या चार गोष्टी त्यात अशा कालवलेल्या असतात की कुठली किती हे सुटं करता येत नाही.

सुटं करायला ढीग लागतो, आणि तो ढीग काळानंच रचून दिला. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा ठेवायचं ठरलं आणि २००२ पासून दोन्ही. म्हणजे एकच खेळ, एकच नियम, पण तीन कालखंड: दोन्ही पंच घरचे, एक घरचा, एकही घरचा नाही. एखाद्या शास्त्रज्ञानं मुद्दाम आखला असता तर याहून चांगला प्रयोग त्याला आखता आला नसता. अभिनव साचेती, इयन ग्रेगरी-स्मिथ आणि डेव्हिड पॅटन या तिघांनी १९८६ ते २०१२ मधल्या १००० कसोट्यांतले पायचीत तपासले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. दोन्ही पंच घरचे असताना पाहुण्या संघाचे फलंदाज यजमानांपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त वेळा पायचीत ठरत होते. एक पंच तटस्थ झाल्यावर हा फरक १० टक्क्यांवर आला. दोन्ही तटस्थ झाल्यावर तो उरलाच नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मैदानं तीच होती, घरच्या खेळपट्टीची सवय तीच, प्रेक्षक तेच. घरच्या संघाची शैली पंच बदलले म्हणून बदलत नाही. बदललं ते फक्त बोट. आणि बोट बदलल्याबरोबर आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत गेला. त्या तिघांना आणखी एक गोष्ट दिसली, की घरच्या पंचांचा हा कल सामन्याच्या शेवटाकडं जास्त ठळक व्हायचा. सामना चुरशीकडं झुकला की मनही झुकत होतं.

मात्र १६ टक्के म्हणजे किती हेही नीट समजून घ्यायला हवं. यजमानांचे ६ फलंदाज पायचीत होतात तिथं पाहुण्यांचे ७. एका सामन्यात बसून हा फरक डोळ्याला दिसूच शकत नाही. तो हजार सामन्यांच्या ढिगातच दिसतो. म्हणजे मैदानावर बसून आपण जो ढळढळीत पक्षपात ‘बघतो’ तो बहुतेक वेळा शैली आणि योगायोगच असतो, आणि खरा पक्षपात तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत, कुणालाही न दिसता, चाललेला असतो.

शैली ओळखायचीही एक खूण आहे. पायचीताच्या शेजारी त्रिफळे मोजायचे. अनिल कुंबळेच्या ६१९ बळींपैकी १५६ पायचीत, म्हणजे जवळजवळ दर चौथा. कुणी म्हणेल, पंच त्याच्यावर मेहरबान होते. पण तो चेंडू फार वळवायचा नाही, वेगानं आणि सरळ यष्टींवर टाकायचा. अशा गोलंदाजाला पायचीत आणि त्रिफळा दोन्ही भरपूर मिळायला हवेत, आणि त्रिफळ्यावर पंचाची मेहरबानी चालत नाही. एखाद्याचे पायचीत ढीगभर आणि त्रिफळे मोजकेच असतील, तर मात्र मी पंचांकडं वळून बघेन.

हा कल येतो कुठून? पंच लबाड असतात असं मला वाटत नाही, आणि एका प्रयोगानं तर ती शंकाच पुसली. इंग्लंडमधल्या ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० प्रशिक्षित फुटबॉल पंचांना एका सामन्यातल्या ४७ धडका चित्रफितीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. हे पंच मैदानात नव्हते, त्यांना कुणी घेरणार नव्हतं, घरी सुखरूप जाण्याची काळजी नव्हती. तरीही आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघावर १५.५ टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्यांवर जास्त दिले असं नाही. यजमानांच्या वेळी शिटी ओठांपर्यंत येऊन थांबत होती. गर्दीनं त्यांना विकत घेतलं नव्हतं, त्यांच्या मनात शंका पेरली होती. २००२ मध्ये हे छापून आलं. तेव्हापासून यात्रेच्या आखाड्यात हलगी कडाडत असताना गुण देणाऱ्या पंचांकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आणि आता ते, ज्यानं माझा मूळचा समजच उलटा केला. अमेरिकेत काईल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स यांनी महाविद्यालयीन बास्केटबॉलचे ३६५ सामने तपासले. त्यांना दिसलं, की एका संघावरच्या फाऊलचा आकडा जितका पुढं जातो, तितकी पुढचा फाऊल दुसऱ्या संघावर लागण्याची शक्यता वाढते. पंच नकळत हिशोब जुळवत होते. मग चलाख संघानं काय करावं? सुरुवातीपासून दांडगाई करावी. पंच शेवटी आकडे सारखे करायला बघणारच, म्हणजे दांडगाईचा बराच भाग फुकटात पदरात पडतो.

थोडं थांबून याचा अर्थ लावा. एका संघानं ३० वेळा नियम मोडला, दुसऱ्यानं १५ वेळा, आणि सामना संपल्यावर फाऊलचा आकडा १८-१७. सगळे म्हणणार, पंचगिरी छान झाली. पण अन्याय त्या सारख्या आकड्यातच झालेला असेल. एकतर्फी आकड्यावर आपण रागावतो आणि समसमान आकड्यावर कधी रागावत नाही. मला आता दोन्हींची सारखीच शंका येते.

मग आमच्या १४ आणि ५ चं काय? माझं मत आता असं आहे: त्यातला मोठा वाटा आमच्या डावखुऱ्याच्या यॉर्करचा, काही योगायोगाचा, आणि एखाद-दुसरा वाईड यजमान गावाच्या आवाजाचा असेल. एवढ्यासाठी वही पुरावा म्हणून नाचवणं चूक होतं. ज्यांनी आमच्यासाठी उन्हात दिवसभर उभं राहून पंचगिरी केली, त्यांच्याबद्दल आम्ही त्या संध्याकाळी जे बोललो त्याचं मला वाईट वाटतं.

तरीही १६, १०, शून्य ही उतरंड मी विसरू शकत नाही. त्या उतरंडीत एका तटस्थ पंचानं काम भागलेलं नाही, दोन लागले. येत्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना म्हणूनच माझी विनंती आहे. ढाल आणि रोख बक्षीस ठरवाल तेव्हा पंचांचंही ठरवा. किकवी आणि सारोळ्याचा सामना असेल तर दोन्ही पंच कापूरहोळचे बोलवा, आणि कापूरहोळचा संघ खेळत असेल तर किकवीचे द्या. जेवण आणि पेट्रोलचा खर्च फार होणार नाही. आणि गुण लिहिणाऱ्याच्या वहीत एक रकाना वाढवा: वाईडच्या रेषेजवळून गेलेला प्रत्येक चेंडू, दिलेला आणि न दिलेलाही. तो रकाना यंदा मी स्वतः लिहिणार आहे.